आडवे ताईचे, उभे माझे

नांदेड, १४ जानेवारी २०२४

ती. स्व. सत्यशीलाताईस,
सा. न. वि. वि.

काल वाटाणे सोलताना एकदम होस्टेलमधली रविवारची दुपार आठवली. जेवणं आटोपली की सिस्टर हैदराबादचा शिळा इंग्रजी पेपर आपल्या हवाली करायच्या आणि आपण लांब बाकावर शब्दकोडं मांडून बसायचो. आडवे शब्द तुझे, उभे माझे. स्वयंपाकीण साखराबाई भांडी घासता घासता विचारायची, की पोरी चौकटीत ज्वारी पेरून राहिल्या का काय, लई वेळ झाला, उगवलं का न्हाई अजून. सुट्टीत देगलूरला घरी गेलो की तू तिची नक्कल करायचीस आणि आप्पांना हसता हसता ठसका लागायचा.

तू आडवे भरून पाठवलेलं कात्रण मिळालं. उभे भरून सोबत परत पाठवते आहे. लोक असले खेळ फोनवर खेळतात, आपलं घोडं टपालातच अडलेलं! एकही चौकोन रिकामा नाही, बघ.

सिद्धेश्वरचा पुण्याहून फोन आला होता. तू गॅसवर दूध ठेवून शेजारी जाऊन बसलीस आणि पातेलं जळालं, असं तुमच्या शेजारच्या मनकर्णाबाईनं त्याला कळवलं म्हणे. तुला डॉक्टरांना दाखवावं आणि मग पुण्यालाच न्यावं, असं त्याच्या मनात आहे. आईच्या कोड्यांत काही वेगळं दिसतं का मावशी, असंही विचारत होता. मी म्हटलं, तिचे शब्द जागच्या जागी आहेत. तुला लातूर सोडायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण ताई, दूध तापेपर्यंत तिथून हलू नकोस गं.

माया आहे तशीच असू दे.
तुझी,
बबिता


लातूर, २ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. बबितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सिद्धेश्वर आणि सूनबाई येऊन गेले. डॉक्टरांची वेळ ठरवूनच आले होते. मी तुझ्याकडून आलेली सगळी पूर्ण कात्रणं पत्त्यांसारखी टेबलावर मांडली आणि म्हटलं, बाबा, डोकं बिघडलेल्या बाईचं हे काम आहे का, तूच सांग. त्यानं एकेक कात्रण उचलून पाहिलं. सूनबाई म्हणाली, की अहो, आईंना आपल्यापेक्षा जास्त इंग्रजी येतं, उगाच कशाला त्यांना दवाखाने दाखवता. मग उन्हाळ्यानंतर बघू, असं ठरलं.

पुण्यात मी कोणाची कोण, बबिता? इथे दारात उभी राहिले तरी जाणारा-येणारा थांबून विचारतो, की बाई, जेवलात का.

परवा मन्मथच्या दुकानात मात्र गंमत झाली. काय हवं ते ओठावर येईना. शेवटी बोटानं दाखवून साबण आणला. तो हसून म्हणाला, की बाई, आज मौन व्रत हाय का. थंडीनं जीभ जड होत असेल. नवं कात्रण सोबत आहे. आडवे भरले आहेत.

आठवण काढत जा.
तुझी,
ताई


नांदेड, २५ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

या खेपेचं कात्रण परत पाठवत नाही. त्यावर शाई सांडली, माझाच वेंधळेपणा.

ताई, मी रात्रंदिवस विचार करते आहे. उन्हाळा कशाला संपायला हवा? तू आत्ताच दाखवून घे. शब्दकोडं म्हणजे काही तपासणी नव्हे. मी लातूरला येते आणि तुझ्यासोबत दवाखान्यात बसते. सिद्धेश्वरशी मी बोलते. रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण चल.

पुढचं कात्रण पाठवायची घाई करू नकोस.

तुझी,
बबिता


लातूर, २० मार्च २०२४

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बऱ्याच सकाळी मिळून लिहिलं आहे. अडले की ठेवून देते.

शाई सांडली नव्हती ना गं? त्या खेपेला दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नसेल.

पेन्सिल खोडली तरी कागदावर वळ राहतो. तुझी कात्रणं आली की मी त्यावरून बोट फिरवायची. नदी पार करणारी, पाच इंग्रजी अक्षरांची, तिथे 'फेरी' होतं, पण खाली बोटाला माझा 'स्पून' लागायचा. फळझाडांच्या जागेसाठी तू 'ऑर्चर्ड' केलंस, मी 'किचन' लिहिलं होतं. रात्री जागून एकेक घर नीट केलं असशील. ते ठाऊक असूनच मी ती कात्रणं लेकापुढे मांडली. तेव्हा स्वतःला दोष देऊ नकोस. मला इथे राहायचं होतं आणि तू मला थोडे दिवस दिलेस.

मागच्या आठवड्यात घराची गल्लीच सापडेना. मन्मथनं हाताला धरून आणलं. त्यानंतर मीच सिद्धेश्वरला बोलावून डॉक्टरांकडे गेले. आधी यायला हवं होतं, असं ते म्हणाले. तुला कळवू नको, असं मीच लेकाला सांगितलं; हे मला स्वतःच लिहायचं होतं. रविवारी तो मला पुण्याला नेतो आहे. तू भेटायला ये, पण लवकर ये.

तुझी,
ताई

ता. क. नावं हाताशी आहेत तोवर वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या आहेत. सिद्धेश्वर विसरला तर तू बघ. शिलाई मशीन मनकर्णाबाईला. ती नको नको म्हणेल, ऐकू नकोस. मोठा इंग्रजी शब्दकोश वरच्या खोलीत राहून डॉक्टरकीचा अभ्यास करणाऱ्या बुद्धप्रियाला. आईची ती पितळी, जिच्यात वाती लावतो ती, सूनबाईला. कुंड्या मन्मथच्या बायकोला. आईनं शिवलेली वाकळ तुला. तिच्यावर चिठ्ठी नाही. तुझं नाव कालपासून शोधते आहे. तुझ्या पाकिटावर असेलच, पण बघून लिहायचं नाही, असं मी ठरवलं आहे. या पाकिटावर पत्ता सिद्धेश्वर घालील. तेव्हा ज्यावर चिठ्ठी नसेल, ते सगळं तुझं.