बॉनेटवरची झडप

रविवार, संध्याकाळ. इचिकावा.

शेजारच्या मोरिता-सानांच्या जुन्या अमेरिकन गाडीची, इंजिनाला जास्तीची हवा देणारी बॉनेटवरची झडप आज उघडली. तीन रविवार मी मूर्खासारखा व्हॅक्यूमच्या नळ्या बदलत बसलो. बिघाड नव्हताच! इंजिन हळू चालत असताना त्याच्या आतला व्हॅक्यूम झडप ओढून बंद धरतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सोडतो. आणि गल्लीत आवाज नको म्हणून आम्ही दोघं तो जेमतेम दाबत होतो. हे मला आधी का सुचलं नाही?

आज एक्स्प्रेसवेवर मीच ओरडलो, “दाबा पूर्ण!” झडप खाडकन उघडली.

घरी येताच मोरिता-सान बिस्किटांचे डबे घेऊन शेजाऱ्यांची माफी मागायला निघाले.

म्हटलं, “अहो, आवाज तर तिकडे झाला.”

“पुढच्या रविवारी इथे होणार आहे.”