काठाखालची रेघ

११ जानेवारी

आज पुन्हा विचारलं. मास्तर कात्री न थांबवता म्हणाले, "जरा दम धर, काठी. तुझं काम निघेल."

पाच वर्षं दमच धरतेय! चेकिंगच्या टेबलावर बसायचं, इलॅस्टिक ताणायचं, सोडायचं, टाके बघायचे, पुढचा नग उचलायचा. संध्याकाळपर्यंत अंगठे बधिर होतात. पलीकडे काचेआड फिटिंगचा पाट दिसतो. त्या पाटावर मी नऊ वर्षं उभी राहिले. कारखान्यातला पोहण्याचा एकही पोशाख आधी माझ्या अंगावर टाचल्याशिवाय कापायला जात नसे. मापाची बाई म्हणजे मी! आता तिथं 'नवी' उभी असते. तीन वर्षं झाली तिला, तरी सगळे नवीच म्हणतात.

मी काठी ती काठीच आहे. हात, पाय, कंबर, सगळं तसंच. पोट तेवढं जुळ्यांनी नेलं. उभी असले तर चालून जातं, वाकले की रिकाम्या पिशवीसारखं लोंबतं.

१४ जानेवारी

गेल्या वर्षीची गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. मास्तरांनी आत बोलावून पोटाची मापं घेतली होती. उभं राहून, बसून, वाकून. सगळी वहीत उतरवली आणि म्हणाले, "जा आता." का घेतली, विचारलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. किती बिघडले, ते कागदावर आलं एवढंच.

२६ जानेवारी

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. पोटाचं ऑपरेशन करायचं ठरवलं.

त्या चांगल्या बोलतात, पण गोड बोलत नाहीत. म्हणाल्या, "जाड बाईचं सोपं असतं. कातडी भरपूर, ओढून खाली आणता येते. तुमच्याकडे कातडी आहे, पण पुरेशी नाही." बेंबीच्या मूळ जागेचं भोक खालच्या रेघेपर्यंत पोचणार नाही म्हणे. मग दोनच वाटा. एकच आडवी रेघ, पण वर, जिथे कुठलीच चड्डी झाकणार नाही. नाहीतर रेघ अगदी खाली, आणि जुन्या भोकाच्या जागी मधोमध एक छोटी उभी खूण, अंगठ्याच्या नखाएवढी. ती उभी खूणही काठाखाली बसेल असं बघतील.

"खालची," मी म्हटलं. विचार करा म्हणायच्या आतच म्हटलं.

"सडपातळ अंगावर ताण जास्त येतो. रेघ रुंदावू शकते, वर सरकू शकते. माझ्या हातातलं मी करेन, बाकी तुमचं अंग ठरवेल." आणि मग, "तुम्ही घालता त्यातली सगळ्यात खालून कापलेली चड्डी घेऊन या. तिच्या आत काढते."

सगळ्यात खालून कापलेली! ती माझ्याइतकी कुणाला ठाऊक?

२७ जानेवारी

नवरा म्हणतो, "मला काही फरक पडत नाही गं, खरंच."

"तू मला पाटावर उभं करणार आहेस का?"

म्हणाला, "नाही, पण ओट्यापाशी उभी दिसलीस की बरं वाटतं." मेला! हसू आलं आणि राग पण.

८ फेब्रुवारी

आईला सांगितलं की हर्नियाचं ऑपरेशन आहे. अगदीच खोटं नाही. आतले स्नायू फाकलेत, ते शिवणारच आहेत. पण आईचा आवाज फोनवरसुद्धा डोळे बारीक करून आला. "अंगावर मूठभर मांस नाही तुझ्या, आणि पोटाला कसला आलाय हर्निया?" येते म्हणाली महिनाभर. मुलींना बघेल.

कारखान्यातही हर्नियाच. आठ आठवडे रजा. मास्तरांनी अर्जावर सही केली, मग पेन खाली ठेवून म्हणाले, "आत्ताच करायला हवं का? दोन-तीन महिने थांबता नाही येणार?"

"दुखतं," म्हटलं.

"मग काय बोलणार."

काम अडतं म्हणून म्हणाले असतील. चेकिंगला माणसं कमीच आहेत.

२ मार्च

उद्या. सॅम्पलच्या पेटीतून ती काळी चड्डी आणलीय, मीच टाचून घेतलेली, सहा वर्षांपूर्वीची. इलॅस्टिक अजून टवटवीत आहे. माझ्यापेक्षा बरी टिकली.

३ मार्च

सकाळी उभं करून खुणा केल्या. जांभळं पेन, थंडगार. "जशी रोज घालता तशी राहू द्या, हात लावू नका," असं दोनदा म्हणाल्या. आधी काठावर ठिपके, मग ठिपक्यांच्या आत रेघ. उजवीकडे कातडी जास्त निघाली. मोठी पोटात त्या बाजूला बसलेली असायची, धाकटीपेक्षा अकरा मिनिटांनी मोठी आणि तेव्हापासून दादागिरी. म्हणून त्या बाजूची रेघ पार काठापर्यंत न्यावी लागली. नर्सने फोटो काढले.

खूप वर्षांनी कुणीतरी माझ्या कमरेशी वाकून माप घेत होतं. बरं वाटलं, खोटं का लिहू!

६ मार्च

वाकून चालते. दोन्ही बाजूंना नळ्या. खोकला आला की देव आठवतो.

११ मार्च

नळ्या काढल्या. पट्टा दिवसरात्र. मुली म्हणतात, आई म्हातारीसारखी चालते. आई म्हणते, म्हातारी मी आहे आणि मी ताठ चालते. खरंय!

१७ मार्च

आईने आज अंघोळीला मदत केली. पट्टा सोडला. ती बराच वेळ बघत राहिली. इकडच्या हाडापासून तिकडच्या हाडापर्यंत.

"हर्निया लांबलचक होता गं तुझा."

तिने पाठीवर पाणी ओतलं. "माझंही पोट तुझ्यानंतर असंच झालं होतं. मी नाडी वर बांधली, संपलं."

"तुला कुणी पाटावर उभं करणार नव्हतं, आई."

"नाही, मला कुणी बसू पण दिलं नाही." आणि टॉवेल हातात दिला.

२ एप्रिल

आई गेली. घर एकदम मोठं झालंय आणि कामं त्याहून मोठी. उचलायचं नाही, वाकायचं नाही, आणि दोघींचे बूट रोज पलंगाखालीच जाणार.

९ एप्रिल

पोट सपाट आहे. आरशात तिरकी उभी राहिले, बसले, वाकले. लोंबत नाही! पाच वर्षांनी वाकून मोजे घातले आणि मांडीवर काही पडलं नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, थकव्याखाली सापडला नाही.

१३ एप्रिल

काळी चड्डी घालून बघितली. पहिल्यांदाच.

डावी बाजू झाकली. मधली उभी खूण झाकली. उजवीकडे रेघ काठाबाहेर! बोटभर. लाल, जाड, कुणालाही दिसेल अशी. खाली ओढली, वर ओढली, दुसरी घातली, तिसरी घातली. सगळ्यांत उजवं टोक बाहेर. म्हणजे जिच्यासाठी एवढं केलं तीच जागा उघडी. एवढी लांब रेघ आणि चुकली कुठे, तर पाटावर ज्या बाजूला मास्तर बसतात त्याच बाजूला!

पलंगावर बसून राहिले. दूध उतू गेलं.

१४ एप्रिल

नवऱ्याला दाखवलं. "एवढंसंच तर आहे." एवढंसंच. त्याला काचेचा तडासुद्धा एवढासाच वाटतो.

२० एप्रिल

भांडायलाच गेले होते. वाटेत शब्द जुळवत गेले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, बोट लावून टोक पाहिलं. "ताणाने थोडं सरकलं आहे. पण एवढं नाही सरकत." मग ऑपरेशनच्या दिवशीचे फोटो उघडले.

पहिला फोटो ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्यात मी पेनाकडे बघत उभी आहे आणि माझा उजवा अंगठा इलॅस्टिकमध्ये! चड्डीची उजवी बाजू दोन बोटं वर ओढून धरलीय.

मला आठवतच नाही. पण हे मी आहे. नऊ वर्षं हेच केलंय. मास्तर डावीकडून आपल्या बाजूला टाचत यायचे आणि मी उजवी बाजू उचलून धरायची, म्हणजे कापडाला सळ पडत नाही. कुणी खडू किंवा पेन घेऊन कमरेशी वाकलं की अंगठा आपोआप जातो. हात लावू नका असं दोनदा सांगून सुद्धा! ओढलेल्या काठावर त्यांनी ठिपके केले. ठिपक्यांच्या आतच रेघ काढली. त्यांचं काम बरोबर होतं, काठ खोटा होता.

"मीही बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांना तसं म्हणायची गरज नव्हती. जुळवलेले सगळे शब्द तसेच परत आणले.

वर्षभर चिकटपट्टी लावायची. फिकट होईल, जाणार नाही. मग हवं तर टोक पुन्हा सोडवून खाली घेता येईल, पण कातडीच नाही तर घेणार कुठून, हेही सांगितलं.

२८ एप्रिल

कामावर हजर. चेकिंग. अंगठे बधिर. नवी येऊन म्हणाली, "ताई, बऱ्या दिसताय हो! हर्नियाने रंग उजळला." टोमणा नव्हता, ती पोरगी साधी आहे. म्हणून जास्त लागलं.

१९ मे

घरी रंग लावून पाहिला. चेहऱ्याला लावायची पेस्ट, वर पावडर. लांबून दिसत नाही. पण मास्तर लांबून बघत नाहीत, टाचणी तोंडात धरून चार बोटांवरून बघतात. आणि पेस्ट कापडाला लागते. सॅम्पलला डाग म्हणजे फाशीच.

मग स्वतःच एक चड्डी कापली. उजवीकडे काठ बोटभर वर, डावीकडे होता तिथेच. घातली आणि आरशात बघून इतकी हसले! वाऱ्याने कलंडलेल्या पाटीसारखी दिसत होती.

२ जून

विचारून टाकलं. "मास्तर, पोट बरं झालं. एकदा पाटावर बघा मला. एकदाच."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच कात्री थांबली. "पोट बरं झालं म्हणजे?"

"बघा ना तुम्हीच."

"उद्या ये."

झोप लागेल असं वाटत नाही. लागली तर बरं.

३ जून

उभी राहिले. पाट तसाच आहे, डावा पाय किंचित डुगडुगतो. पायाखाली घेतला आणि अंगाला सगळं आठवलं. श्वास अर्धा, खांदे सैल. अंगठा निघालाच होता, मी मूठ आवळली.

मास्तरांनी टेप लावली. कंबर. पोट. बेंबीखाली चार बोटं. बसायला सांगितलं, बसले. वाकायला सांगितलं, वाकले. काहीच लोंबलं नाही! त्यांनी पुन्हा एकदा वाकवलं, चुकलं की काय म्हणून बघावं तसं. मग उजवीकडच्या टोकावर नजर गेली. मी डोळे मिटले.

"हर्निया नव्हता."

"नाही."

"तीस वर्षं शिवणी बघतोय मी, काठी." आवाजात राग नव्हता. ते खाली स्टुलावर बसले आणि टेप बोटाला गुंडाळत राहिले, सोडत राहिले. त्यांना एवढं थकलेलं कधी बघितलं नव्हतं.

"मास्तर, बोटभरच बाहेर आहे. उंच काठाच्या सॅम्पलला चालेल—"

"त्याचं काही नाही गं. ते कुणी बघत नाही." मग, "आज घरी जा. उद्या सांगतो."

४ जून

मास्तरांनी कपाटातून पॅटर्न काढून दाखवले. बाळंतपण झालेल्या बायकांसाठी पोहण्याचे कपडे, मोठं काम, याच आठवड्यात पक्कं झालं. वर्षभर ते त्याच्या मागे होते. प्रत्येक पॅटर्नवर त्यांच्या अक्षरात एकच नाव: काठी. गेल्या वर्षी घेतलेली मापं. उभी, बसलेली, वाकलेली. पाटावर मला घ्यायचं होतं. होते तशीच, लोंबत्या पोटासकट.

उद्यापासून नवीच उभी राहील, पोटाला उशी बांधून. उशी शिवायला मला सांगितलंय. माप विचारावं लागलं नाही.