उलट्या वाऱ्याचं निशाण

ता. ४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

बाबांनी माझा जीव मेटाकुटीला आणलाय. दाढ दाखवायला नेलं, तर दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत त्यांचंच तैलचित्र! तळ्यातल्या होड्यांचं, चाळीस वर्षांपूर्वी विकलेलं. मी हरखले, त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, शिडं डावीकडे फुगलीत आणि निशाण उजवीकडे फडफडतंय.

तेव्हापासून नुसत्या येरझाऱ्या. जेवता जेवता उठतात, वाळत घातलेले कपडे कुठे उडतायत ते बघतात. काल दाढ दुखत नसताना परत गेले, खिशात ब्रश घेऊन! डॉक्टरांनी चित्राला हात लावू दिला नाही. तूच काहीतरी कर.

तुझी वैतागलेली ताई

ता. १८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी हसलो. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवताना बाबांनी एका वेलांटीसाठी कुणाचं ऐकलं नाही, आणि आता हे? तिथे निशाण बघतंय कोण, सगळे आपापला गाल धरून बसलेले!

डॉक्टरांना मीही लिहिलं. उत्तर आलं की चित्र त्यांच्या वडिलांनी हौसेने घेतलेलं, आणि बाबांचे हात थरथरतात. ताई, त्यांना नेमकं काय सलतंय ते विचार. मला ते हवापाण्यापलीकडे काही लिहीत नाहीत.

रागावलीस तरी लोभ असू दे.

धाकटा

ता. १ जुलै

चि. धाकट्यास अ. आ.

विचारलं. आधी खेकसले. मग म्हणाले, चित्र पुरं झालं तेव्हा आईने हीच चूक दाखवली होती. त्यांनी तिला चारचौघांत सुनावलं, तुला चित्रातलं काय कळतं? पुढे जाईपर्यंत तिने त्यांच्या एकाही कामाबद्दल ब्र काढला नाही. आपल्याला वाटायचं, तिला आवडच नाही.

डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी रविवारी दवाखाना उघडून दिला. बाबांचा हात खरंच थरथरत होता रे. मी मनगट धरलं. नखाएवढं निशाण वळवायला दोन तास लागले. मग मागे सरून बाबा मोठ्याने म्हणाले, तिचं बरोबर होतं.

वाटलं, आता स्वस्थ बसतील. आज सकाळी चपला घालून दारात उभे! शहरात उरलेल्या आपल्या सगळ्या पाट्या बघायच्यात म्हणे. त्यांतल्या काय काय चुका तिला दिसल्या असतील आणि ती बोलली नसेल. मीही निघालेय. रजा मिळाली तर ये, मला एकटीला ते आवरायचे नाहीत.

तुझी ताई