सहा मिनिटांचा जिना

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. आठातलं एक अंग प्लास्टरमध्ये आहे, तेवढं सांभाळून घे. डावा हात आहे, काळजी नको.

वरची आणि खालची वस्ती जोडणारा, मी बांधलेला जिना परवा खुला झाला. डोंगराला वळसा घालून जायला पाऊण तास लागायचा, आता सहा मिनिटं. त्याच संध्याकाळी पाण्यावरून जुंपली आणि वरचे लोक लोखंडी गज घेऊन जिन्यानेच उतरले. आजवर त्यांचा राग वळशावरच निवायचा. मी तो गरमागरम पोचवला. त्यांनी खालच्या बेकरीवाल्याचं डोकं फोडलं. मी मध्ये पडलो.

"पायऱ्या झकास झाल्यात साहेब, अजिबात दम लागत नाही," माझा हात मोडणारा म्हणाला.

बेकरीवाल्याला त्याच जिन्याने वरच्या दवाखान्यात नेलं, म्हणून तो वाचला. आता जिना ठेवायचा की पाडायचा, हे नगरपालिकेने माझ्यावरच ढकललंय.

आज बेकरीवाल्याची बायको आली. "पाडू नका हो, आमच्या माणसांना वर जायचंय." मी विरघळलो. मग तिच्या मागे पाहिलं. चाळीस जण उभे होते, आणि दवाखान्यात न्यायचा डबा एकाच्याही हातात नव्हता. कुऱ्हाडी होत्या.

मी पाडायच्या कागदावर सही केली.

आईचा गुडघा कसा आहे? तिला एवढंच सांग, काम संपलं, लवकर घरी येतोय.

तुझा आगाऊ भाऊ