दोनदा बुडवलेले फुगे

सोमवार, १२ फेब्रुवारी १९६२. सकाळी सव्वासहा.

साचे मोजत होतो. पंचावन्न. एकाला बारीक तडा, तो बाजूला ठेवला. रबराच्या चिकाचं पिंप मलबारहून आलं, ते काल दादाच्या चिकूच्या शेडीत लावलं. झाकण उघडलं की अमोनियाचा वास — डोळ्यांतून पाणी. रतनवहिनी नाकाला पदर लावून म्हणाली, चिकूंना हा वास लागला तर मुंबईचा दलाल काय म्हणेल? तिचंही बरोबर आहे.

दादाशी ठरलं ते इथे लिहून ठेवतो. महालक्ष्मीची जत्रा संपेपर्यंत शेड माझी. त्यानंतर चिकूच्या करंड्या आत आणि मी बाहेर. मग वहिनीच्या भावाच्या वापीच्या दुकानात तांदूळ जोखायला बसायचं. दादा रागाने बोलला नाही. "फुग्यांच्या कारखान्यात वर्षभर दुसऱ्याचे साचे पुसलेस. आता एकदा स्वतः करून बघ म्हादू, म्हणजे मनात राहणार नाही."

करून बघ म्हणाला. होईल असं म्हणाला नाही.

शुक्रवार, २ मार्च.

पहिली खेप. साचे चिकात बुडवले, वाळवले, काठ वळले, फुगे उकळत्या पाण्यातून काढले, चिकटू नयेत म्हणून शंखजिऱ्याची पूड लावली. सायकलच्या पंपाने एकेक फुगवून पाहिला. चौपन्नपैकी नऊ फुटले!

जत्रेत पोर रडत परत आलं तर? हा फुगेवाला फसवतो, असं एकदा पसरलं की संपलं.

सोमवार, ५ मार्च.

आता प्रत्येक साचा दोनदा बुडवतो. चीक जवळजवळ दुप्पट लागतो. पण पंप कितीही मारला तरी एकही फुटला नाही. एकही!

रविवार, १ एप्रिल.

बाराशे तयार. लाल रंग विटकरी आलाय. बाकी ठीक.

गुरुवार, १९ एप्रिल.

पहाटे बैलगाडीने आशागड, तिथून ट्रकने विवळवेढ्याला, जत्रेच्या गावी. देवळाच्या वाटेवर चांगली जागा मिळाली, एका बाजूला शिट्ट्यावाला, दुसऱ्या बाजूला बांगड्या.

पहिलं गिऱ्हाईक आलं, कडेवर मुलगी. त्याने फुगा तोंडाला लावून फुंकर मारली. गाल फुगले, मान लाल झाली, फुगा तसाच. बायकोने हसत त्याच्या हातातून घेतला, तिलाही जमेना. शिट्ट्यावाला ओरडला, "अरे, लोहाराचा भाता आण कोणी!" सगळी वाट हसली.

मी स्वतः फुंकून पाहिला. कानांत दडे बसले.

दीड महिना मी एकही फुगा तोंडाने फुगवला नव्हता. सगळे पंपाने.

शुक्रवार, २० एप्रिल.

पंप घेऊन गेलो. पोरांची रांग लागली — फुग्यासाठी नाही, पंप मारायला. फुगे विकले सतरा. पंपाचा वॉशर गेला.

सोमवार, २३ एप्रिल.

समुद्राकाठच्या चिखल्याचा भीमा देवीला नारळ द्यायला आला होता. होडी चालवणारा तांडेल, वहिनीला मासळी घालणाऱ्या नवशीचा नवरा. जाळ्याचा दोर तपासावा तसा त्याने फुगा दोन्ही हातांनी ताणला.

"फुटत नाय ना?"

खरं ते सांगितलं. फुटत नाही, पण फुगतही नाही.

"मला कुठं फुगवायचाय," म्हणाला आणि चार घेऊन गेला. कशाला, ते विचारायचं सुचलं नाही. माणूस घेतोय एवढंच पुरे वाटलं.

बुधवार, २५ एप्रिल.

पाच विकले. वापीहून निरोप आला, दुकानात माझ्यासाठी गादी घातली आहे.

रविवार, २९ एप्रिल.

नवशी बोंबलांची टोपली घेऊन आली आणि वहिनीशी भाव करायच्या आधी माझी चौकशी केली. भीमाने नेलेल्या चारांतला आता एकच उरलाय, तीन दुसऱ्या होड्यांनी पळवले. समुद्रावर काडेपेटी सर्दावते, मग चूल पेटत नाही, विडी पेटत नाही. ह्या लोकांनी फुग्यात काडेपेटी कोंबली आणि तोंडाला गाठ मारली. परवा लाट होडीत आली. पीठ भिजलं, कपडे भिजले, काड्या कोरड्या.

"तीस दे. आणि तोंड रुंद कर रे बाबा, आमच्या माणसाची बोटं म्हणजे केळी आहेत केळी."

दादा ओट्यावरून ऐकत होता. म्हणाला, हवेच्या जागी विडी भरायची, तर त्याला फुगा कशाला म्हणायचं? वहिनीही हसली.

मला राग आला. मी रंग पोरांसाठी कालवले होते. नवशीला नाही म्हणणार होतो. जेवताना मात्र साच्याचं तोंड किती रुंद हवं, हेच डोक्यात.

सोमवार, ३० एप्रिल.

सुताराला दहा रुंद साचे सांगितले. लाकूड गुळगुळीत घास, असं तीनदा सांगितलं. म्हणाला, घरी जा.

गुरुवार, ३ मे. उद्या जत्रा संपते.

नव्या साच्यांतला पहिला माल. रंग नाही, बुडवणं मात्र दोनदाच. एकात काडेपेटी घातली, गाठ मारली, दगड बांधून मिठाच्या पाण्याच्या बादलीत सोडली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तशीच.

दादा बागेतून येऊन पाय धूत होता, तेव्हाच बाहेर काढली. गाठ सोडली. दादाने पेटी घेतली. पहिलीच काडी पेटली. तिच्यावर त्याने स्वतःची विडी पेटवली आणि आत गेला. काडेपेटीही घेऊन गेला.

शुक्रवार, ४ मे.

वापीची पिशवी भरून ठेवली. नवशीचे तीस बांधून ठेवले. भीमा बरोबर आणखी दोन तांडेल घेऊन आला, त्यांनी नव्वद सांगितले. कधी करणार, कुठे करणार? हो म्हणून बसलो.

शनिवार, ५ मे. सकाळी साडेसहा.

करंड्या आत लावायला शेडीत गेलो. पिंप जागच्या जागी. करंड्या बाहेर, आंब्याखाली नवा मांडव, दादा वर चढून झावळ्या बांधत होता. म्हणाला, दोर धर.

चीक, रंग, शंखजिरे, सरपण — २१२ रुपये. नवे साचे — १८. जत्रेची विक्री — ९ रुपये ४० नये पैसे. तांडेलांकडून आगाऊ — १०.

देणं: दादाचे उसने १५०. सुताराचे ६. शेडीचं भाडं, मे महिना — ७. भाडं दादाने आज लावलं.