काकांची फांदी आणि आमचं लिंबू

३ जानेवारी
आईच्या पायाचं प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, रोज मोकळ्या हवेत बसवा. घरात कोंडून ठेवलंत तर पाय बरा होईल आणि माणूस आजारी पडेल. मोकळी हवा म्हणजे आमचं मागचं अंगण. दोन खाटा टाकल्या की संपलं. शेजारच्या काकांच्या जांभळाची एक फांदी भिंतीवरून आमच्याकडे येते, तिच्याखाली आईची खुर्ची ठेवली. काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, बसा हो निवांत, सावलीचं भाडं नाही लावत आम्ही. सगळे हसले. मी हसलो नाही.
निश्चय: उन्हाळ्याच्या आत अंगणात आपलं झाड. आई दुसऱ्यांच्या सावलीत बसणार नाही.

४ जानेवारी
दादाला सांगितलं. तो म्हणाला, हिरवी नेट बांधू, रविवारी तासाभरात काम होईल. मी म्हणालो, नेट म्हणजे सावली नव्हे, तडजोड. वहिनीने विचारलं, भाऊजी, तुमचा माशांचा टँक माळ्यावरून खाली कधी येणार? टँकचा विषय वेगळा होता. त्यात माशांचीही चूक होती.
दादाने मार्चअखेरची मुदत दिली. तोवर सावली नाही, तर नेट.

१९ जानेवारी
निवड चालू आहे. घाई करणार नाही. घाईत लावलेली झाडं लोक नंतर तोडतात.
पेरू बाद. पक्षी येतील, आणि खाली आई. डाळिंब बाद. आपण झाड की झुडूप, हे त्याचं त्यालाच ठरवता आलेलं नाही. अंजीर बाद, मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरतात असं वाचलं. चाफा जवळजवळ पक्का केला होता, मग कळलं की तो ऐन उन्हात पानं गाळून मोकळा होतो. अशी माणसं पाहिली आहेत.
आई म्हणाली, बायको बघताना असाच बघायला लागलास तर पोरीच तुला बाद करतील.

८ फेब्रुवारी, रात्री जेवणाआधी
निर्णय झाला. बिनकाट्याचं लिंबू. उंची बेताची, स्वभाव शांत.
नर्सरीवाला म्हणाला, दोन-तीन वर्षं तरी सावलीची आशा धरू नका. सर्वसाधारण गिऱ्हाइकाला हेच सांगत असावा. बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. कंडक्टरने विचारलं, याचं हाफ काढू का? लोक हसले. आईच्या खुर्चीशेजारच्या कोपऱ्यात लावलं तेव्हा माझ्या गुडघ्याला लागत होतं. आईला वाकून बघावं लागलं, त्यात पाय दुखला. म्हणाली, गोड आहे रे. लिंबाबद्दल हा शब्द पटला नाही, पण भावना पोचली.

१० फेब्रुवारी
पाट्या रंगवण्याच्या दुकानात काम करण्याचा आज उपयोग झाला. ‘झाडास हात लावू नये’ अशी पाटी केली. शुद्धलेखन दोनदा तपासलं. पाटी झाडापेक्षा मोठी झाली, हे खरं. वहिनी म्हणाली, पाटीची सावली छान पडते. म्हणजे कोपऱ्यात सावली सुरू झाल्याचं तिनेच मान्य केलं.

२० फेब्रुवारी
वाढ दिसत नाही. मुळं धरली की नाही हे वरून कळायला मार्ग नाही, म्हणून हलक्या हाताने उपटून पाहिलं. धरत होती. समाधान वाटलं. परत लावलं.

२४ फेब्रुवारी
पुन्हा पाहिलं. धरायची थांबली आहेत. मध्येच कोणीतरी काहीतरी केलेलं आहे. वहिनीवर नजर ठेवायला हवी.
आई खुर्चीतून सगळं बघत होती. म्हणाली, हाड जुळलं का बघायला डॉक्टर माझं प्लास्टर रोज फोडत बसले असते, तर मी आज उभी राहिले असते का? हाडं वेगळी, मुळं वेगळी. ती आजारी आहे म्हणून वाद घातला नाही.

५ मार्च
खत दुप्पट केलं. पानांच्या कडा तपकिरी झाल्या आहेत. मोठ्या वाढीआधी असं होत असावं. दादा येता-जाता झाडाकडे बघतो आणि शीळ घालतो. मुदत जवळ आल्याचा त्याला आनंद आहे. सख्खा भाऊ.

१२ मार्च
कारण सापडलं! आईशेजारी बसलो होतो. बाहेर रस्ता तापलेला, आणि मला चक्क गार वाटलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. झाडावर ऊनच येत नाही. काकांची फांदी! इतके दिवस ज्याला आपण उपकार समजत होतो, तोच अडथळा.
लगेच काकांकडे गेलो. काका म्हणाले, अरे, तिथे तुझी आई बसते. मी म्हणालो, तिच्यासाठीच तर हे सगळं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, आईला विचारलंस का? मी सांगितलं, तिला सरप्राइज आहे.

१५ मार्च
फांदी उतरवली. काका एकदा म्हणाले, अजून विचार कर. मी करवत त्यांच्या हातात दिली. काकू घरात निघून गेल्या आणि दार लावून घेतलं. अंगण लख्ख झालं.
आईला बाहेर आणलं. ती डोळे बारीक करून बराच वेळ वर बघत राहिली. म्हणाली, झालं का समाधान? मी हो म्हणालो. मग खुर्ची भिंतीशी सरकवली, मग दाराशी, मग उंबऱ्याच्या आत. बदलाच्या काळात थोडी गैरसोय होतेच.

२३ मार्च
आई आठवडाभर बाहेर आलेली नाही. खिडकीशी बसते. पायाला सूज. चालायला कंटाळा करते. डॉक्टर दादाला ओरडले, दादा मला ओरडला. नेट आत्ताच लाव म्हणालो, मोठ्या मनाने. तो म्हणाला, तिचं एक टोक त्या फांदीलाच बांधायचं होतं, शहाण्या. आता लोखंडी खांब हवेत आणि वेल्डर महिनाअखेरीशिवाय येत नाही.
लिंबूही मान टाकून आहे. नर्सरीवाल्याला फोन केला. म्हणाला, मुळं हललेलं रोप, जरा सावलीत ठेवा.

३१ मार्च, दुपार
जेवण करून डोळा लागला होता. उठलो तर खिडकीशी आई नाही. मागे गेलो. भर उन्हात खुर्ची टाकून बसली होती, हातात उघडी छत्री. क्षणभर फार बरं वाटलं. माझ्या झाडापाशी आली एकदाची.
जवळ गेलो. छत्री झाडावर होती. तिच्या डोक्यावर नुसता ओला टॉवेल. आत चल म्हणालो. म्हणाली, तुझा जीव आहे ना याच्यात, मरू कसं द्यायचं? मग म्हणाली, हात भरून आलाय रे, जरा धर.
धरली. दादा आला, दुसरी छत्री उघडून आईवर धरून उभा राहिला. तिच्या सुजलेल्या पायाकडे बघत होता. शिव्या देईल असं वाटलं होतं, नाही दिल्या. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, वेल्डर उद्या येतोय. मी विरोध केला नाही. फक्त नेट कोपऱ्यातल्या लिंबावरही यावी, असं सुचवलं. पाटी मीच काढली.
वहिनीने पाच मिनिटं छत्री घेतली, म्हणून एवढं लिहिता आलं. हाक मारते आहे.