रायेलच्या बहिणीशी शर्यत

एल्डोरेट,
सोमवार, १० जून

प्रिय रायेल,

कशी आहेस? आईचा गुडघा कसा आहे? तांबडी गाय व्याली असं कानावर आलं, पण कालवड की गोऱ्हा, ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. कपसोवारला यंदा पाऊस चांगला आहे म्हणतात. इकडे मका कमरेला लागलाय. मी बरी आहे. पायांचे दोन्ही अंगठे काळे पडलेत, म्हणजे नेहमीसारखीच आहे.

तुझ्या फोनवर माझा नंबर चालत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून कागद घेतला. तुझी धाकटी बहीण उद्या घरी येतेय, तिच्या पिशवीत हे पत्र टाकणार आहे. जेबिवोतने दोन वचनं दिलीत. पत्र तुझ्याच हातात देईन, आणि वाटेत वाचणार नाही. पहिल्या वचनाची मला खात्री आहे.

कालच्या शर्यतीचा निकाल तू रेडिओवर ऐकलाच असशील. पण रेडिओवाल्याला काय कळतंय? तो पुढच्या गाडीत बसून केळी खात होता. आत काय झालं ते मला माहीत आहे आणि तुझ्या बहिणीला, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. काल संध्याकाळपासून मी खोलीत नुसती फेऱ्या मारतेय. बेचाळीस किलोमीटर पळून आलेली बाई फेऱ्या मारते म्हणजे काय ते समज.

तर ऐक. सुटलो तेव्हा आम्ही नऊजणी एकत्र होतो. सकाळी गार होतं, रस्ता ओला, आणि दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. मी गेल्या काही महिन्यांत तैवानमध्ये पळाले, पेनांगमध्ये पळाले, मेक्सिकोत पळाले, इटलीतल्या एका गावात तर टाळ्या वाजवायला फक्त एक म्हातारा आणि त्याचं कुत्रं होतं. आपल्या माणसांमध्ये पळायचं मी विसरूनच गेले होते. इथे बायका आपल्या भाषेत ओरडत होत्या, 'ए केप्तुमच्या फिलो, खांदे पाड, खांदे पाड.' माझे खांदे वर जातात हे भाजी विकणाऱ्या बाईलासुद्धा माहीत.

बाराव्या किलोमीटरला माझ्या बाजूला पिवळ्या बनियनमधली एक पोरगी आली. डावा हात उंच धरून पळणारी. मी म्हटलं, हा हात मी कुठेतरी पाहिलाय. सात वर्षं तुझ्या मागून पळताना तोच तर पाहत होते. तोंड वळवून बघते तर जेबिवोत. मी हिला शेवटची पाहिली तेव्हा ती शाळेच्या गणवेशात होती.

म्हटलं, "तू इथे काय करतेस?"

"पळतेय, ताई."

"पूर्ण पळणार आहेस?"

"तू पूर्ण पळालीस तर."

वीस वर्षांची पोर, पहिली मॅरेथॉन, आणि तोंड बघ. हसू आवरून मी वेग वाढवला. म्हटलं, तिसाव्याला बघू, तेव्हाही असंच बोलते का ती.

पंचविसाव्याला आमच्यातल्या चौघी मागे पडल्या, तिसाव्याच्या चढावर आणखी दोघी. जेबिवोत तशीच. तेहतिसाव्याला तिची बाटली टेबलावरून निसटली, आणि ती तशीच पुढे निघाली. मी माझी अर्धी पिऊन तिच्या हातात दिली. "घे, गधडे. पाण्यावाचून पळणारी शूर नसते, मूर्ख असते." तिने मुकाट्याने घेतली. सदतिसाव्याला तिसरी पोरगी पोट धरून थांबली, आणि राहिलो आम्ही दोघी.

अडतिसाव्याला मी चढावर जोर लावला. तुला माहीत आहे माझा चढावरचा जोर कसा असतो. दहा मीटर मिळाले. गेली, म्हटलं. आणि मग पाठीमागे पावलं ऐकू आली, थप थप थप, न घाई न गडबड. आली परत. चाळिसाव्याला पुन्हा तेच. रायेल, इतक्या शर्यतींत मी पैशासाठी पळाले, विमानाच्या तिकिटासाठी पळाले, तिसऱ्या नंबरच्या पाकिटासाठी पळाले. पण काल चाळिसाव्याला मला कसलाच हिशोब आठवला नाही. मला फक्त ही पोरगी हवी होती, मागे. किती वर्षांनी असं वाटलं.

शेवटचा किलोमीटर उताराचा होता आणि पुढे वळण. मी ठरवलं, वळणाच्या आधी पन्नास पावलांवर सुटायचं. आणि मी सुटणार, त्याच्या नेमक्या आधी ती सुटली. आधी. जणू माझ्या डोक्यात बसून ऐकत होती. तीन मीटर गेले ते गेलेच. मी काय पळाले ते देवाला ठाऊक, डोळ्यांपुढे पिवळं तेवढं दिसत होतं. ती दोन तास एकोणतीस मिनिटं अकरा सेकंद. मी पंधराव्या सेकंदाला. फीत तिच्या गळ्यात अडकली तेव्हा ती रडली, आणि मी तिला उचलायला गेले तर दोघी आडव्या.

आता खरी गंमत. लघवीच्या तपासणीसाठी आम्हाला दोघींना एका खोलीत बसवलं. समोर पाण्याच्या बाटल्या, दारात ती जाडजूड तपासणीवाली बाई. दोघींनाही होत नव्हती. अर्धा तास झाला. मी विचारलं, "शेवटी तुला कसं कळलं गं मी जाणार ते?"

"तू बोटं झटकतेस, ताई."

"मी?"

"जोर लावायच्या आधी उजवा हात खाली सोडतेस आणि बोटं झटकतेस. एकदाच. रायेलने सांगितलं. म्हणाली, अगदी शेवटी तिने बोटं झटकली की वाट बघू नकोस, त्याच क्षणी तूच जा."

पंधरा वर्षं पळतेय मी, मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला पळवणाऱ्या मास्तरांना माहीत नव्हतं. मग तिने सांगितलं की तू तिला हे गोठ्यामागच्या रस्त्यावर दोन महिने शिकवत होतीस. गमबूट घालून तू पुढे पळायचीस, हातात गुरं हाकायची काठी, आणि मनाला येईल तेव्हा बोटं झटकायचीस, आणि तिने सुटायचं. "हुबेहूब तू दिसते ती," पोरगी म्हणाली. "खांदे असे वर, मान अशी पुढे, शेळी कुंपणातून बघते तशी." आणि उठून तिने माझी नक्कल करणाऱ्या तुझी नक्कल करून दाखवली. मी इतकी हसले, इतकी हसले, की तपासणीवाल्या बाईला घाईने हाक मारावी लागली. काम झालं एकदाचं.

मी परत येऊन बसले तर जेबिवोत बुटाची नाडी सोडत होती. आपल्या भोळेपणात म्हणाली, "रायेलने आणखी एक सांगितलं होतं. फिलोच्या मागे राहा, ती तुला सांभाळून नेईल, पाणीसुद्धा देईल. फक्त शेवटच्या किलोमीटरला तिच्यावर विश्वास ठेवू नकोस."

तिला काहीच माहीत नाही, हो ना? तू घरात कुणाला सांगितलं नाहीस. मी एकवीस महिने अख्ख्या जगाला माझी बाजू सांगत फिरले आणि तू स्वतःच्या बहिणीलाही सांगितलं नाहीस.

खरं काय ते मी तुलाच आता लिहिते.

पोलंडच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या जिन्यात तू टाचेला बर्फ लावून बसली होतीस. एजंटने तुला सांगितलं होतं की उद्या जिंकलीस तर बुटांच्या कंपनीचा करार राहील, नाहीतर नाही. तू माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतंस. मीच म्हणाले, "शेवटी आपण दोघीच उरलो तर तू आधी. मी मागून येते." तू म्हणालीस, "असं बोलू नये." मी म्हणाले, "माझा शब्द." मी म्हणाले, रायेल.

आणि शेवटचे दोनशे मीटर उरले असताना मी गेले.

मी सगळ्यांना सांगितलं की पाय आपोआप गेले, गर्दीच्या आवाजात भान राहिलं नाही. तुलाही विमानतळावर तेच सांगितलं, आणि तू सामानाची पिशवी उचलून चालायला लागलीस. पाय आपोआप जात नसतात. मी समोर शेवटची फीत पाहिली. तुझा श्वास ऐकला, तू लंगडत होतीस तेही ऐकलं. मनात म्हटलं, सात वर्षं दुसरी येतेय, आज कोण अडवतंय. एवढं सगळं मनात म्हणायला वेळ होता मला. मग गेले. काल कळलं की जाण्याआधी मी बोटंसुद्धा झटकली असणार, आणि तू ती पाहिली असणार, आणि तुला कळलं असणार की हे भान हरपून झालेलं नाही. म्हणून तू काही बोलली नाहीस ना?

करार गेला. टाचेचं ऑपरेशन झालं. मी भेटायला आले नाही. लोकांना सांगितलं, शर्यतींमुळे वेळ नाही. त्यातलं खरं हे की वेळ राहू नये म्हणून मी शर्यती घेत होते. इतेनला, आपण दोघी सराव करायचो त्या रस्त्यावर, सकाळी एकटीने पळायला लागलं की प्रत्येक वळणावर तू दिसायचीस. मग एजंटला फोन, कुठेही पाठव. एकवीस महिन्यांत अकरा मॅरेथॉन. मास्तर म्हणाले, "अगं, प्रवासी नेणाऱ्या मटाटूचं इंजिनसुद्धा वर्षातून एकदा खोलून बघतात. तू कोणत्या रस्त्याची मटाटू आहेस?" मी हसले आणि मेक्सिकोला गेले. पोट भरलं, नाही म्हणत नाही. केप्तुमला भावाचं घर उभं राहिलं. पण अकरा महिने मला पाळी आलेली नाही. डाव्या नडगीत एक जागा आहे, बोटाने दाबली तर डोळ्यांत पाणी येतं. कालची शर्यत मी दुखणं दाबायची गोळी घेऊन पळाले. मास्तरांना हे माहीत नाही, आता तुला माहीत आहे.

हे सगळं सांगायला कारण आहे. काल संध्याकाळी जेबिवोतला गाठायला तीन एजंट आले. माझावाला सगळ्यात पुढे. तीन आठवड्यांनी एक शर्यत, त्यानंतर पाच आठवड्यांनी दुसरी, नाताळाच्या आधी आणखी दोन. कागद टेबलावर, पेन हातात. पोरगी हरखून गेली होती. मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. म्हटलं, "घरी विचारल्याशिवाय सही नाही." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हरल्याचा राग काढतेय. एजंट म्हणाला, "फिलो, तू स्वतः तर दर दोन महिन्यांनी पळतेस." मी त्याला म्हटलं, "म्हणूनच सांगतेय. आणि माझंही नाव खोडून टाक. जुलैची शर्यत मी पळणार नाही." त्याचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

रायेल, तुझी बहीण आपल्या दोघींपेक्षा मोठी धावपटू आहे. मी तिच्या शेजारी तीस किलोमीटर पळाले आहे, मला कळतं. वर्षाला दोन शर्यती, जास्त नाही, आणि मधे शेण काढू दे, गाई धुऊ दे, झोपू दे. तिला गोठ्यामागच्या रस्त्यावर जे मिळालं ते कुठल्या कॅम्पात मिळणार नाही. तूच तिची मास्तर हो. झालीच आहेस, फक्त लोकांना माहीत नाही. सही झाली नाही म्हणून ती तुझ्यापुढे रुसेल, दोन दिवस जेवणार नाही. ऐकू नकोस तिचं. माझी नडगी बरी झाली आणि तुला चालणार असेल, तर तिच्याबरोबर पळायला कुणीतरी लागेल. नसेल चालणार तर तेही मला पटेल.

गुरुवारी सकाळी मी कपसोवारला येतेय, पहिल्या गाडीने. तू म्हणशील ते सगळं ऐकायला येतेय, मधे एक शब्द बोलणार नाही. जे व्हायचं ते झालं असं म्हणून तू मला सोडून देऊ नयेस असं वाटतं. भांड माझ्याशी.

आईला नमस्कार सांग. जेबिवोतला खायला घाल, काल रात्री आनंदाने तिला घास उतरला नाही.

तुला दिलेला शब्द मोडून जिंकलेली,
आणि तुझ्या बहिणीकडून रीतसर हरलेली,

फिलोमिना